चापडा: जागचं हलायचं नाव न घेणारा साप

साप दिसला की तो पळून जाणार, असं आपण गृहीत धरतो. बहुतेक सापांच्या बाबतीत ते खरंही असतं. धामण माणसाची चाहूल लागताच दिसेनाशी होते. नाग अडचणीत सापडला तर फणा काढतो, पण वाट मिळाली की निघून जातो. घोणस निदान मोठ्यानं फुत्कारून आपण इथं असल्याचं सांगते. चापडा यातलं काहीच करत नाही. तुमचा हात त्याच्यापासून वीतभर अंतरावर आला तरी तो फांदीवर जसा असेल तसा बसून राहतो.

सह्याद्रीतल्या या झाडावरच्या विषारी सापाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही. त्याचा रंग, शेपटी, डोळ्याजवळचा खड्डा, पचनाचा संथ वेग हे सगळं या बसून राहण्याभोवती घडलेलं आहे. माणसाला तो चावतो तोही बहुतेक वेळा त्यामुळेच, आणि आपण त्याचं नुकसान करतो तेही त्यामुळेच.

आपल्याकडे एकाहून जास्त सापांना चापडा म्हणतात. हे सगळे घोणस आणि फुरशाच्याच मोठ्या कुळातले, पण त्यातल्या वेगळ्या शाखेतले. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक खोल खड्डा असणं ही या शाखेची खूण. घोणस आणि फुरशाला असे खड्डे नसतात. अमेरिकेतले शेपटी वाजवणारे रॅटलस्नेक या खड्डेवाल्या शाखेतलेच, म्हणजे आपल्या चापड्याचे लांबचे भाऊबंद. महाराष्ट्रात आणि गोव्यात प्रामुख्यानं दोन चापडे झाडाझुडपांवर दिसतात. हिरवा किंवा बांबू चापडा बराच पसरलेला आहे, मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही तो आहे. दुसरा मलबारी चापडा. तो फक्त पश्चिम घाटात सापडतो, जगात इतरत्र कुठेही नाही. आंबोली, तिळारी, गोव्यातलं म्हादईचं खोरं, मोले हा त्याचा आपल्याकडचा मुलूख. गोव्यात आणि त्याच्या दक्षिणेला नाक किंचित वर उचललेला तिसरा एक चापडाही आहे. तो लहानखुरा असतो आणि बहुतेक जमिनीवरच्या पालापाचोळ्यात राहतो. या लेखात मुख्यतः मलबारी चापड्याबद्दल लिहितोय.

थॉमस जेर्डन या ब्रिटिश डॉक्टरानं १८५४ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. पुढे कित्येक वर्षं महाराष्ट्रापासून थेट दक्षिण टोकापर्यंतचे असे सगळे चापडे एकच जात मानले जात. २०२१ मध्ये भारतीय संशोधकांनी या सापांची जनुकं, खवले आणि वस्तीची ठिकाणं एकत्र तपासली. तेव्हा दिसलं की केरळातल्या पालघाट खिंडीच्या दक्षिणेला, अण्णामलई डोंगरांच्या बाजूनं राहणारे साप वेगळ्या जातीचे आहेत. पश्चिम घाटाची रांग त्या खिंडीत तुटते, मधे सखल, कोरडा पट्टा येतो. थंड, ओलं रान सोडून सहसा न जाणाऱ्या सापाला तो पट्टा ओलांडणं फार अवघड. लाखो वर्षं दोन्हीकडचे साप एकमेकांत मिसळले नाहीत आणि वेगळे होत गेले. त्याच अभ्यासात या सापांची प्रजातीही, म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला भाग, बदलली. जुन्या पुस्तकांत ट्रायमेरेसुरस मलबारिकस असं नाव दिसेल, आता क्रास्पेडोसेफॅलस मलबारिकस असं लिहितात. साप तोच आहे.

पूर्ण वाढलेला मलबारी चापडा साधारण दोन ते अडीच फुटांचा असतो, मादी नरापेक्षा मोठी. डोकं त्रिकोणी आणि रुंद, मान बारीक, डोळ्याची बाहुली मांजरासारखी उभी. अंगावरचे खवले मधोमध उभार असलेले, म्हणून कातडी खरखरीत आणि मंद दिसते, धामणीसारखी चकचकीत नाही. शेपटी फांदीला पकड घेऊ शकते.

रंगाचं मात्र काही ठरलेलं नाही. एकाच परिसरात हिरवा चापडा दिसेल, तपकिरी दिसेल, पिवळसर, केशरी झाक असलेला, निळसर राखाडी असेही दिसतील. नवख्याला हे पाच-सहा वेगळे साप वाटतात. सगळे मलबारी चापडेच. पावसाळ्यात घाटातल्या एखाद्या झाडाच्या खोडाकडे नीट पाहिलं, तर त्यावर शेवाळाचा हिरवा, दगडफुलाचा राखाडी, कुजक्या पानाचा पिवळा आणि ओल्या सालीचा काळपट असे सगळे रंग तुकड्यातुकड्यांनी असतात. चापड्याच्या अंगावरचे डाग याच तुकड्यांत मिसळून जातात. बाहेरची रेषा डोळ्याला सापडत नाही, त्यामुळे साप समोर असूनही दिसत नाही.

हिरव्या सापाचा हिरवा रंग हासुद्धा एक रंग नसतो. कातडीच्या वरच्या थरात पिवळं रंगद्रव्य असतं. त्याखालच्या पेशींत अतिसूक्ष्म स्फटिकांचे थर असतात, ते निळा प्रकाश परत फिरवतात. निळ्यावर पिवळा पडला की आपल्याला हिरवा दिसतो. म्हणून संग्रहालयात अल्कोहोलमध्ये ठेवलेले हिरवे साप काही काळानं निळे दिसू लागतात. पिवळं रंगद्रव्य अल्कोहोलमध्ये विरघळून जातं, स्फटिक तसेच राहतात.

बसून शिकार

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जूनमध्ये पाऊस लागला की रात्री सगळं रान बेडकांच्या आवाजानं भरून जातं, आणि चापडाही याच दिवसांत सर्वात जास्त दिसतो. तो ओहोळाच्या काठी, जमिनीपासून माणसाच्या गुडघ्या-कमरेएवढ्या उंचीवर, एखाद्या फांदीवर किंवा दगडावर जागा धरतो. जागा निवडणं हीच त्याची खरी मेहनत. बेडूक आणि पाली जिथून जा-ये करतात, अशी जागा मिळाली की तो तिथे रात्रीमागून रात्री बसतो. आज दिसलेला साप काही दिवसांनी हातभर अंतरावर तसाच दिसणं, यात काही नवल नाही.

अशाच एका ओहोळाकाठी कारवीच्या खोडावर मी एक मादी बराच वेळ पाहिली आहे. शेपटीचे दोन वेढे खोडाला, पोटाचा भाग आडव्या फांदीवर टेकलेला आणि मान मागे ओढून वळवलेली, डोकं खाली ओहोळाकडे. भुवईच्या खवल्यावर पावसाचा थेंब जमायचा, मोठा व्हायचा आणि पडायचा. एक बारीक पतंग तिच्या डोक्यावर येऊन बसला, चालला आणि उडून गेला. ती हलली नाही. जीभही फार क्वचित बाहेर यायची. हातभर अंतरावरच्या पानावर एक झुडपी बेडूक ओरडत होता. तो तिच्या टप्प्यात आला नाही आणि तीही त्याच्याकडे गेली नाही. बसून शिकार करणं म्हणजे काय, ते तेव्हा मला नीट कळलं. इथे जवळ जाऊन पकडायचं नसतं, जवळ येईपर्यंत थांबायचं असतं.

असं थांबणं परवडण्यासाठी शरीराचा खर्च कमी असावा लागतो. साप आपल्यासारखे स्वतःच्या अन्नातून उष्णता तयार करून अंग गरम ठेवत नाहीत, आणि या कुळातले साप तर त्यातही काटकसरी. एक भक्ष्य गिळलं की पुढे बरेच दिवस काही मिळालं नाही तरी चालतं. लहान चापडे मुख्यतः बेडकांवर जगतात. मोठे झाल्यावर बेडकांबरोबर पाली, सरडे, उंदीर आणि एखादा लहान पक्षीही खातात. खड्डेवाल्या सापांच्या अनेक जातींत पिल्लांच्या शेपटीचं टोक वेगळ्या, उठून दिसणाऱ्या रंगाचं असतं. पिल्लू बाकी अंग स्थिर ठेवून तेवढं टोक अळीसारखं हलवतं. बेडूक अळी समजून जवळ येतो.

डोळ्याजवळचा खड्डा

आता त्या खड्ड्याकडे येऊ, कारण चापड्याच्या अंगातली ही सर्वात विलक्षण गोष्ट आहे.

गरम वस्तूमधून अवरक्त किरण बाहेर पडतात. ते आपल्याला दिसत नाहीत, चुलीपाशी बसल्यावर फक्त त्वचेला जाणवतात. चापड्याच्या खड्ड्यात हीच ऊब जाणवून घेणारा एक पडदा असतो. तो खड्ड्याच्या तळाला चिकटलेला नसतो, मधोमध ताणून बसवलेला असतो, पुढेही हवा आणि मागेही हवा. जाडी एक मिलिमीटरचा साधारण सत्तरावा भाग, म्हणजे केसापेक्षा कितीतरी पातळ. इतका पातळ असल्यामुळे जराशा उबेनंही तो लगेच तापतो, आणि त्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यामुळे तितकाच लगेच निवतो. जुनी ऊब रेंगाळत राहिली असती, तर हलणारा उंदीर नेमका कुठे आहे ते सापाला कळलंच नसतं. पडद्याच्या तापमानात एका अंशाच्या हजाराव्या भागाच्या आसपासचा फरक पडला तरी त्याच्या नसांना तो जाणवतो, हे रॅटलस्नेकवरच्या प्रयोगांत १९५० च्या दशकातच दिसून आलं होतं.

पण नुसती ऊब कळून काय उपयोग? दिशा कळायला हवी. खड्ड्याचं तोंड आतल्या पडद्यापेक्षा अरुंद असतं. अंधाऱ्या खोलीच्या दाराला बारीक भोक असेल, तर बाहेरच्या रस्त्याचं उलटं चित्र आतल्या भिंतीवर पडतं. खड्ड्यात तसंच होतं, फक्त प्रकाशाऐवजी उबेचं चित्र पडतं. उंदीर डावीकडे असेल तर पडद्याचा उजवा भाग तापतो. तोंड भोकाइतकं बारीक नसल्यामुळे हे चित्र पुसट असतं, पण दोन बाजूंचे दोन खड्डे मिळून दिशेचा अंदाज चांगला येतो. शिवाय खड्ड्यातून येणारे संदेश सापाच्या मेंदूत डोळ्यांकडून आलेल्या चित्राशी जुळवले जातात. १९७० च्या दशकात रॅटलस्नेकच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या दिसलेलं आणि उबेनं जाणवलेलं दोन्ही एकाच जागेवरून आलं की जास्त जोरानं प्रतिसाद देतात. म्हणजे सापासाठी ही दोन वेगळी ज्ञानं नसावीत, एकाच देखाव्याचे दोन थर असावेत, असं मला वाटतं.

ही ऊब ओळखणारा रेणू कोणता, ते २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं शोधलं. तो रेणू आपल्या अंगातही आहे. मोहरी फेसताना नाकात झणका जातो आणि डोळ्यांतून पाणी येतं, तो झणका आपल्या नसांतलं हेच प्रथिन ओळखतं. रॅटलस्नेकच्या खड्ड्यातल्या नसांत त्याचं रूप बदललेलं आहे, साधारण २८ अंश सेल्सिअसच्या पुढची ऊब लागली की ते दारासारखं उघडतं आणि नस जागी होते. या नसा डोळ्याकडून येणाऱ्या नसांपेक्षा वेगळ्या. चेहऱ्यावरचा स्पर्श आणि वेदना मेंदूकडे नेणारी जी मोठी नस आपल्याला आहे, तिचीच ही सापातली शाखा. उष्णता आणि स्पर्श शरीराला कसा कळतो, यावरच्या एकूण कामासाठी ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

इथे एक प्रश्न पडायला हवा. बेडूक थंड रक्ताचा, ओला प्राणी. त्याच्यात कसली ऊब? खड्ड्याला खरं तर ऊब नको असते, फरक हवा असतो. ओल्या अंगावरून पाणी सतत उडत असल्यामुळे बेडूक आसपासच्या पानाफांद्यांपेक्षा किंचित थंड असतो, आणि उबदार पार्श्वभूमीवरचा थंड ठिपकाही वेगळा उठून येतो. तरी बेडकाच्या शिकारीत डोळ्यांचा आणि बेडकाच्या हालचालीचा वाटा मोठा असणार. उंदीर आणि पक्षी यांच्या बाबतीत मात्र मिट्ट काळोखातही खड्डा पुरेसा ठरतो. स्वतःला बसायला गार किंवा उबदार जागा निवडतानाही खड्डेवाले साप त्याचा वापर करतात.

झेप, दात आणि विष

टप्प्यात काही आलं की वळवलेली मान सरळ होते. या कुळातल्या सापांची झेप मोजली गेली आहे, ती सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच भक्ष्यापर्यंत पोचते. आपली पापणी लवायला त्याहून जास्त वेळ लागतो. विषदंत लांब, आतून पोकळ आणि बिजागरीवर बसवल्यासारखे, तोंड मिटलेलं असताना टाळूला लागून मागे दुमडलेले असतात. तोंड उघडताच पुढे उभे राहतात. जमिनीवरचे या कुळातले साप उंदराला चावून बऱ्याचदा सोडून देतात आणि मग वासावरून माग काढत जातात. झाडावर तसं करून चालत नाही. सोडलेला पक्षी उडून जाईल, बेडूक ओहोळात पडून वाहून जाईल. म्हणून झाडावरचा साप भक्ष्य सहसा तोंडातच धरून ठेवतो आणि विषाचा परिणाम होईपर्यंत लोंबकळत राहतो. तेवढा वेळ सगळा भार शेपटीच्या पकडीवर असतो.

विषाचं काम समजून घ्यायला एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे, की हे मुख्यतः रक्तावर आणि ऊतींवर काम करणारं विष आहे. नाग-मण्यारीसारखं श्वास बंद पाडणारं नाही. त्यातली काही विकरं (एन्झाइम) सर्वात बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींचा आधार तोडतात, म्हणून रक्त बाहेर झिरपतं, सूज चढते, फोड येतात. काही विकरं स्नायूंच्या पेशींची आवरणं फोडतात. तिसरा प्रकार जास्त फसवा आहे. रक्त गोठवणारं एक प्रथिन आपल्या रक्तात सतत फिरत असतं. जखम झाली की त्याचे धागे बनतात आणि गुठळी धरते. विषातली विकरं या प्रथिनाचे कच्चे, लगेच विरघळणारे धागे बनवत राहतात. थोड्याच वेळात साठा संपतो. मग खरोखर गुठळी धरायची वेळ येते तेव्हा रक्ताकडे काहीच उरलेलं नसतं.

रक्ताचं असं झालंय का, हे पाहायची पद्धत इतकी साधी आहे की ती कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात करता येते. रुग्णाचं दोन मिलिलिटर रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं. नळी वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायची. मग एकदाच तिरकी करायची. गुठळी धरली असेल तर रक्त जागचं हलत नाही. वाहिलं, तर विषानं रक्त गोठण्याची शक्ती घालवली आहे. नळी काचेचीच लागते, कारण काचेच्या पृष्ठभागामुळेच गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत किंवा साबणानं धुतलेल्या नळीत उत्तर चुकू शकतं.

चापड्याच्या दंशानं माणसाला तीव्र वेदना होतात, हात किंवा पाय चांगलाच सुजतो, सूज आणि काळेनिळेपणा दिवसेंदिवस राहतो, काहींना रक्तस्रावही होतो. मृत्यू फार विरळ. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं दगावली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यात बहुतांश वाटा घोणस, मण्यार, नाग आणि फुरशाचा. चापड्याचं नाव त्या यादीत खाली आहे म्हणून त्याचा दंश हलक्यात घ्यायचा, असं मात्र मुळीच नाही.

कारण औषधाची गोष्ट इथे अडते. भारतात मिळणारं सर्पदंशावरचं औषध, ज्याला प्रतिविष म्हणतात, ते घोड्यांना विषाची अगदी थोडी मात्रा टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून बनवलं जातं. आणि वापरली जाणारी विषं फक्त चार सापांची: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. चापड्याचं विष त्यात नाही. प्रतिपिंड ज्या विषाला पाहून तयार झाले त्यालाच नीट ओळखतात, म्हणून चापड्याच्या दंशावर या प्रतिविषाचा भरवसा धरता येत नाही. शिवाय त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. तेव्हा डॉक्टर रुग्णाला दाखल करून घेतात, रक्त पुन्हा पुन्हा तपासतात, वेदना कमी करतात, मूत्रपिंडांवर लक्ष ठेवतात आणि गरज पडली तर रक्तातले घटक देतात. केरळमध्ये नाक वर असलेल्या लहान चापड्याचा दंश फुरशाचा समजून उपचार केले गेल्याची प्रकरणं २००७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली, त्यातल्या काही रुग्णांची अवस्था गंभीर झाली होती. तोवर या सापाचा दंश फारसा गांभीर्यानं घेतला जात नसे. सह्याद्रीतल्या चापड्यांच्या विषावर चालेल असं प्रतिविष देशात हवं, असं मी ठामपणे म्हणेन. चहा, वेलची, सुपारीच्या बागांत राबणाऱ्या माणसांचे हात रोज याच सापाच्या उंचीवर असतात.

दंश झालाच, तर अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढा, कारण थोड्या वेळात सूज चढते आणि ते काढता येत नाही. हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवा. दोरीनं आवळू नका, कापू नका, चोखू नका, हळद किंवा बर्फ लावू नका. मांत्रिकाकडे जाण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनानं रुग्णालय गाठा. साप मारून किंवा पकडून सोबत नेण्याची गरज नाही. लांबून सहज फोटो मिळाला तर डॉक्टरांना त्याचा खूप उपयोग होतो.

हिरवा साप म्हणजे चापडाच, असंही धरून चालू नका. हरणटोळ हिरवा, पण दोरीसारखा सडपातळ, तोंड लांब टोकदार, डोळ्याची बाहुली आडवी, आणि तो दिवसा वावरतो. त्याचं विष सौम्य आहे. हरणटोळ माणसाची टाळू फोडतो ही समजूत खोटी असून तिच्यापायी कित्येक हरणटोळ मारले जातात. गवत्याही हिरवा, पण तो जमिनीवरचा, गवतातला साप. चापडा जाड, संथ, मोठ्या डोक्याचा आणि रात्रीचा.

चापडा अंडी घालत नाही. पिल्लं मादीच्या पोटात वाढतात आणि पावसाळ्यात जन्माला येतात. झाडावर राहणाऱ्या, उन्हा-सावलीत सरकून पोटातल्या पिल्लांची ऊब सांभाळू शकणाऱ्या मादीला हे सोयीचं. जन्मल्यावर आई पिल्लांकडे पाहत नाही. पिल्लाकडे पहिल्या दिवसापासून दात असतात, विष असतं, खड्डे असतात, आणि आजूबाजूला त्याच्या तोंडात मावतील एवढे बेडूक नेमके याच दिवसांत असतात. ओहोळ आटले, बेडूक उशिरा आले किंवा कमी झाले, की त्याचा पहिला फटका या पिल्लांना बसतो.

गेल्या काही वर्षांत पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन चापडे पाहायला आंबोलीला जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. सापाबद्दल भीतीपेक्षा कुतूहल वाटणं ही चांगलीच गोष्ट आहे, आणि स्थानिक तरुणांना त्यातून काम मिळतं ही त्याहून चांगली. फक्त चापडा पळत नसल्यामुळे त्याच्याशी काहीही केलं तरी त्याला चालतं, असा समज होतो. फोटो चांगला यावा म्हणून काठीनं उचलून दुसऱ्या फांदीवर ठेवणं, आड येणारं पान किंवा फांदी तोडणं, तोंडासमोर दहा जणांनी फ्लॅश मारणं हे सर्रास चालतं. आपल्याला वाटतं साप शांत आहे. त्यानं मात्र बेडकांच्या वाटेवर हुडकून काढलेली जागा गेलेली असते, आड घेणारं पान गेलेलं असतं, आणि पुन्हा तशी जागा शोधायला त्याला जमिनीवर उतरावं लागतं. संथ सापासाठी जमिनीवरचा प्रवासच सर्वात धोक्याचा, त्यातही मधे घाटरस्ता असेल तर फार. पावसाळी रात्री गाड्यांखाली चिरडलेले चापडे रस्त्यावर सापडतात ते याच वाटेनं.

पाहायचं असेल तर काही पावलं लांब थांबा, उजेड थेट डोळ्यांवर न टाकता बाजूला धरा, पान आड आलं तर आपण जागा बदला. चालताना हात कठड्यावर, दगडांच्या कपारीत किंवा झुडपाच्या फांदीवर न पाहता टेकवू नका. काजूच्या बागेत किंवा कुंपणाची झाडी तोडताना आधी काठीनं फांदी हलवून मग हात घाला. चावा सहसा हाताला होतो तो अशाच वेळी, साप तिथे आधीपासून बसलेला असतो आणि आपला हात त्याच्यावर जाऊन पडतो.